बटण नसलेला दिवा

वरून काही आदळलं तरी आमच्या सोसायटीत कोणी वर बघत नाही. खैरनारसाहेबांनी दिवा टाकला असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिसऱ्या मजल्यावरून पडूनही जो पेटतो तोच खेड्यात टिकतो, असा त्यांचा सिद्धांत. टिकलेला दिवा ते उचलून नेतात आणि माझ्या तुळशीची फुटलेली कुंडी तशीच टाकून जातात.

साहेब कारखान्यातून निवृत्त झाले आणि वीज न पोचलेल्या पाड्यांसाठी स्वस्त सौरदिवा करायला बसले. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर बायकांनीच तो जोडायचा, बांबूची टोपीही तिथेच विणायची. इथवर ठीक. पण दिव्याला बटणच नाही. अंधार पडला की लागतो, उजाडलं की विझतो. का, असं विचारलं की मान तिरपी करून म्हणणार, "उजेडाला सांगावं लागू नये." एका बारशात त्यांनी तो थेट पाळण्यावर टांगला. दिवा विझेना आणि बाळ झोपेना. साहेब मात्र यजमानांनाच समजावत होते, उजेडाला सांगावं लागू नये.

एकदा कौतुक दाखवायला आम्हा शेजाऱ्यांना जीपमध्ये कोंबून त्यांनी पाड्यावर नेलं. कौतुक राहिलं बाजूला. दिवे जोडणाऱ्या सोमीबाईंनी छपराला आवळलेल्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, दिवाळी झाली का आम्ही द्राक्षाच्या कामाला सायखेड्याकडं जातो. घराला कुलूप. हा रोज पेटतो. कोणासाठी, उंदरांसाठी? परत येतो तवा याची बॅटरी मेलेली. बटण द्या."

"अहो, पण घरी येणाऱ्याला लांबून उजेड दिसायला नको?"

"तवाच तर नाय दिसत," सोमीबाई म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला की मी चहा पुन्हा मागून घेतला.

परतताना गल्लीत शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांच्या खिडकीत बांबूच्या टोपीखाली दिवा लागलेला. वहिनी नातवाला सांभाळायला पुण्याला गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. दर सणाला त्या येणार असतात. घरात दुसरं कोणी नाही.

"तुमच्याकडेही उंदीर झालेत वाटतं," मी टोचलं.

"आली एखादे दिवशी न कळवता, आणि मी बाहेर असलो तर?" ते म्हणाले. "तिला अंधाऱ्या घरात शिरायची भीती वाटते."

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

महिन्याभरात पाड्यावरच्या सगळ्या दिव्यांना बटणं लागली. सोमीबाईंनीच ती बसवली. खिडकीतला दिवा मात्र तसाच आहे. कुंड्या अजून फुटतात आणि साहेबांना मी अजून बोलते. पण संध्याकाळी भाजी घेऊन येताना आता मी वर बघते.