काकांचं सुतक

बंगळूरच्या जयनगरातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि निकाल दिला, की हेमलताचं स्त्रीबीज आज-उद्यात सुटणार, तेव्हा नवराबायकोनं हे दोन दिवस वाया घालवू नयेत. आता हेमलताचं स्त्रीबीज म्हणजे सगळा लहरी कारभार. कधी दीड महिन्यानं, कधी चार महिन्यांनी, कधी गोळ्या खाऊनही नाहीच. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ही संधी हुकली तर पुढची कधी, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. हेमलतानं दवाखान्यातूनच नवऱ्याच्या कारखान्यात फोन लावला. पण ऑपरेटरला कारण सांगणार काय, कपाळ? ती एवढंच म्हणाली, की रत्नाकरना ताबडतोब घरी पाठवा.

सरकारी कारखान्यात असा निरोप आला की त्याचा अर्थ एकच, घरचं कोणीतरी गेलं. रत्नाकरला मात्र खरा अर्थ लगेच कळला आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्याचे साहेब वासुदेवराव मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांना ती लाली दुःखाचीच वाटली. अशा वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, हा मंडळाचा शिरस्ता. त्यांनी जीप काढली, मंडळातले चौघे मागे कोंबले आणि वाटेत हळूच विचारलं, कोण गेलं?

"काका," रत्नाकर म्हणाला. "सख्खे."

बिचाऱ्याचे वडील एकुलते एक.

हेमलतानं नवी साडी नेसून, गजरा माळून दार उघडलं, तर समोर सहा पुरुष माना खाली घालून उभे. जीपचा आवाज ऐकून शेजारच्या सोयराबाईही आल्या. त्यांचं घराणं बंगळूरला तीन पिढ्या मुरलेलं, बोलण्यात कानडी मिसळलेलं, आणि सुतकाच्या बाबतीत साऱ्या वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आधी हेमलताचा गजरा काढला.

"सख्ख्या काकाचं दहा दिवस. दोघांची अंथरुणं वेगळी. रत्नाकर, तू बाहेरच्या खोलीत. मी हेमाजवळ निजते, सरी?"

रत्नाकरनं घाईघाईनं सांगून पाहिलं, की काका तसे मानलेले होते. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखानं डोकं फिरलं म्हणाले, आणि त्याला धरून सतरंजीवर बसवलं. दहा दिवस ऐकून त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. ते पाहून वासुदेवरावही गहिवरले आणि काकांविषयी विचारू लागले. रत्नाकर सांगू लागला. काकांनी त्याला सायकल शिकवली होती. त्यांना झुपकेदार मिशा होत्या. सांगता सांगता त्याला ते दिसायलाच लागले आणि तो हुंदके देऊन रडला. पाच वाजले. कोणाच्या तरी घरून पिठलंभात आला. उठायचं कोणी नाव घेईना.

इकडे हेमलताचा सहा वर्षांचा धीर सुटला. तिनं सोयराबाईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि लाजलज्जा गुंडाळून सगळं सांगून टाकलं. गोळ्या, इंजेक्शनं, सासूची पत्रं, आजचा दिवस. बोलता बोलता तिला रडू फुटलं. सोयराबाईंनी पदर खोचला आणि आयुष्यभर सुतक पाळणारी ती बाई बाहेर येऊन धडधडीत खोटं बोलली.

"विसरलेच होते. दुपारी माझ्याकडे फोन आला होता. काका गेले नाहीत. नाडी लागत नव्हती, एवढंच. उठून बसले नि चहा मागितला."

मंडळींना कोण आनंद झाला. वासुदेवराव तर आता चहा घेऊनच जाऊ म्हणत पुन्हा मांडी घालायला लागले.

"चहा माझ्याकडे," सोयराबाई म्हणाल्या. "चला सगळे. स्वल्प लवकर."

त्यांनी सगळ्यांना पुढे घातलं आणि जाताना दाराला बाहेरून कडी घातली.

घर शांत झालं. रत्नाकर सतरंजीवर तसाच बसून होता. गाल ओले, पण चेहरा उजळलेला.

"हेमा," तो म्हणाला, "वाचले गं काका."

हेमलता भिंतीला टेकून हसत सुटली. या औषधपाण्याच्या वर्षांत ती इतकी कधी हसली नव्हती. हसता हसताच तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं.