गाडीखालचा मिस्त्री

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा फिल्टर बदलायला गॅरेजवाला गाडी चार दिवस ठेवून घेणार म्हणाला. एक जाळीचा तुकडा बदलायला चार दिवस! मी त्याला तोंडावर सांगितलं, "ठेवा तुमचं गॅरेज तुमच्यापाशी," आणि नवा फिल्टर घेऊन घरी आलो. व्हिडिओ पाहिलेला होता. त्यातला माणूस शीळ घालत काम उरकतो.

त्याच संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीला, मोनालीला, बघायला चितेगावची मंडळी येणार होती. राजनंदिनी, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "आजच कशाला काढलंय हे?" आता अशा माणसाला काय समजावणार? ती आणि मोनाली खरेदीला औरंगपुऱ्यात गेल्या आणि मी पुंडलिकनगरात, आमच्याच दारासमोर, गाडीची पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवून खाली शिरलो.

गिअरबॉक्सच्या बुडाला पत्र्याचं एक खोलगट ताट बोल्टांनी आवळलेलं असतं. त्यात तेल, वर फिल्टर. आधी तेल काढून घ्यायला त्या ताटाला भोक असावं की नाही? नव्हतं. एवढी शिकलेली माणसं गाड्या बनवतात, एकालाही सुचू नये? मी शेवटचा बोल्ट काढला आणि लाल तेलानं काठोकाठ भरलेलं ते ताट अलगद माझ्या दोन्ही हातांवर येऊन बसलं. खाली ठेवावं तर छातीवर सांडणार, सरकवावं तर तोंडावर. वरात अडलेल्या घोड्यासारखा मी जागच्या जागी.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "ओ मिस्त्री, सत्यमरावांचं घर हेच का?"

मंडळी आली होती. संध्याकाळी येतो म्हणायचं आणि भरदुपारी उगवायचं, ही काय रीत झाली? मला नुसते बुटांचे दोन जोड दिसत होते. एक मुलाच्या वडिलांचा, खंडेरावांचा, आणि एक मुलाचा, सुदर्शनचा. मुलीच्या भावानं पहिली ओळख काय गाडीखालून द्यायची? मी आवाज बदलला.

"व्हय, हेच. पण मालक भाईर गेलेत."

"बरं झालं, तुम्हीच गावलात," म्हणत खंडेराव माझ्या पायांशी उकिडवे बसले. "खरं सांगा, माणसं कशी हायेत ही?"

"लई चांगली. पोरगी तर एकदम गुणाची."

"अन् भाऊ?"

"देवमाणूस," मी मनापासून म्हणालो.

"आम्ही तर ऐकलं, लई तापट हाय. कुणाचं म्हणून ऐकत नाय."

माझ्या हातांवरच्या ताटातलं तेल हिंदकळायला लागलं.

"कोण म्हणतं असं?"

"ते जाऊ द्या. तुम्हाला काय करायचंय, मिस्त्री?"

"मला काय करायचंय? नाव सांगा त्याचं! आत्ताच्या आत्ता बघतो त्याला!" असं म्हणून मी ताडकन उठलो.

गाडीखाली ताडकन उठता येत नाही. कपाळ लोखंडावर आपटलं, ताट पालथं झालं आणि मी डोक्यापासून कमरेपर्यंत लाल झालो. सुदर्शननं इस्त्रीच्या शर्टाचा विचार न करता जमिनीवर लोळण घेतली आणि पाय धरून मला बाहेर ओढलं. नेमकी तेव्हाच रिक्षा थांबली.

"मिस्त्रीला लागलंय, पाणी आणा," खंडेराव ओरडले.

"मिस्त्री कुठला?" राजनंदिनी म्हणाली. "हे आमचे हे आहेत."

खंडेराव माझ्याकडे बघत राहिले. मोनाली खुदकन हसली. तिचं बघून सुदर्शन हसला. मग तो नळावर हात धूत होता आणि ती त्याला साबणाची पावडर देत होती, बराच वेळ देत होती. मला कुणी टॉवेलही दिला नाही.

मुलगी पसंत पडली. गाडी दोरी बांधून त्याच गॅरेजात गेली. निघताना खंडेराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तापट हायेत, पण चालतंय. आम्हाला आधीच कल्पना दिलेली होती."

ते गेल्यावर मी राजनंदिनीला विचारलं, "ही कल्पना यांना कुणी दिली असेल गं?" अगदी शांतपणे विचारलं. इतकं शांतपणे, की तिनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

मग म्हणाली, "मीच. ऐनवेळी कळण्यापेक्षा बरं."