तिसऱ्या उशीचा प्रश्न

"भावजी, गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं की आपण बाजूला उभं राहून हसायचं. बोलायचं नाही," मेहुण्याने पहिल्याच दिवशी बजावलं.

सरांना हे जमणं कठीण होतं. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. विभागप्रमुखाशी वाजलं तेव्हा 'मला बाजार कळतो, कुठंही पोट भरेन' असं सुनावून ते तरातरा बाहेर पडले. बाजाराने मात्र त्यांना ओळख दाखवली नाही. अखेर बायकोने भावाला गळ घातली आणि सर गाद्यांच्या दुकानात विक्रेते झाले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक आडदांड कंत्राटदार आणि त्याची बायको. कंत्राटदार गादीवर पसरला आणि त्याने नको ते विचारलं, "ही एवढी महाग का हो?"

झालं! सरांचा बांध फुटला. मागणी झाली, पुरवठा झाला, सर उपयोगितेवर आले. "पहिल्या उशीचं सुख सगळ्यात मोठं. दुसरीचं त्याहून कमी. तिसरीचं तर..."

कंत्राटदार घोरायला लागला होता. मेहुण्याने कपाळावर हात मारून घेतला. पण जागा झाल्यावर कंत्राटदार म्हणाला, "आईशप्पथ, काय झोप लागली! बांधा ही गादी."

कंत्राटदाराने गावभर डांगोरा पिटला. माणसं येऊ लागली. सर बोलायचे, गिऱ्हाइकं घोरायची आणि उठून गाद्या न्यायची.

"अरे, पण कुणी ऐकतच नाही!" सर कळवळून म्हणाले.

"ऐकायला कोण मरतंय? तुम्ही चालू ठेवा."

आठवडाभरात कंत्राटदार टेम्पोत गादी घालून परत आला. डोळे लालभडक. "बदलून द्या! घरी डोळ्याला डोळा लागत नाही."

मेहुण्याने गादी दाबून पाहिली, उलटी करून पाहिली. कंत्राटदाराला तिच्यावर झोपवलं. सर हमीच्या अटी समजावू लागले. दुसरी अट संपायच्या आत कंत्राटदार गार. शेजारच्या तिन्ही गाद्यांवरची गिऱ्हाइकंही कलंडली.

कंत्राटदाराची बायको नवऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गादीत काही खोट नाही. हे गृहस्थ घरी यायचं काय घेतील?"

सर खवळले. "बाई, मी प्राध्यापक आहे! अंगाई गाणारी दाई नव्हे!"

"तसं नाही हो सर. ह्यांना झोपू द्या, मला ऐकायचंय. तुमचं त्या दिवशीचं मला पटलंच नाही. माझी तिसरी उशी सापडली नाही ना, तर मी घर डोक्यावर घेते. पहिल्या दोन असून नसल्यासारख्या. मग तिसरीचं सुख कमी कसं?"

सरांनी हमीचा कागद खाली ठेवला. इतक्या वर्षांत वर्गात त्यांना एकच प्रश्न विचारला गेला होता, तो म्हणजे 'हे परीक्षेला आहे का?'

दुकान चिडीचूप झालं. त्या शांततेने कंत्राटदार दचकून उठला. "थांबलात का?" बाकीची गिऱ्हाइकंही कुरकुरत उठून बसली.

"भावजी, बोला काहीतरी!" मेहुण्याने हात जोडले. "धंदा बसेल!"

"गप रे! विचार करतोय." सरांनी चपला पायांत सरकवल्या. "बाई, उद्या सांगतो."

भर दुपारी घरी येऊन सर माळ्यावरची पुस्तकं खाली ओढू लागले. डोक्यावर धुळीचा थर, चेहरा मात्र फुललेला. बायको धास्तावून धावली. "काय झालं? ही नोकरीपण सोडलीत का?"

"अगं नाही! मला एकीने प्रश्न विचारलाय."

बायकोने घाईघाईने भावाला फोन लावला, "नोकरी आहे ना रे ह्यांची?"