दगडूतात्यांचं गोळ्यांचं बियाणं

गुंजवण्यातले आमचे शेजारी दगडूतात्या गोळ्यांचंही बियाणं ठेवतात! भाताचं ठेवतात, तसंच. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला की निम्मा पोटात आणि निम्मा कणगीशेजारच्या डब्यात. "बी मोडून खातो त्यो शेतकरी न्हवं, उंदीर!" असं वर ऐकवणार.

हे बियाणं ते सढळ हातानं वाटतात. कुणी शिंकलं की तात्या हजर. "घे, लाल-पिवळी. लई जोरदार वाण हाय." माझ्या आईचे गुडघे दुखले, तेव्हाही तेच वाण घेऊन आले! मी भडकलो. साध्या सर्दीवर ही गोळी चालत नाही, उगाच खाल्ली तर जंतू निर्ढावतात आणि खऱ्या दुखण्यात तीच गोळी हात टेकते, हे मी अंगणात उभं राहून ठणकावून सांगितलं.

तात्या म्हणाले, "झालं भाषन? पानी पी."

यंदा तात्यांचंच नाक चोंदलं. विंझरच्या डॉक्टरांनी आधी नुसती वाफ घ्यायला सांगितली. "वाफंचं बी कसं ठिवायचं?" तात्या चिडले. पण आठवडा उलटला तरी उतार नाही. उलट ताप चढला, गाल ठणकू लागला. तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच गोळ्या लिहिल्या आणि मध्येच सोडायच्या नाहीत म्हणून बजावलं. तात्यांना दोन दिवसांत हलकं वाटलं. उरलेल्या गोळ्या डब्यात!

परवा सकाळी बघतो तर डोळ्याखाली ही सूज! गाडीवर बसवून पुन्हा दवाखान्यात नेलं. "आता अर्धवट सोडलंत तर डोळ्यावर बेतेल," डॉक्टर म्हणाले. नव्या गोळ्या घेऊन घरी आलो, तर तात्यांचा हात पुन्हा डब्याकडे!

मी डबाच हिसकावला. "कुणासाठी साठवताय एवढं?"

तात्या कणगीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "नातीसाठी. मागच्या सुट्टीत तिला हितं सर्दी झाली. पोरगं म्हनलं, हितं औषध न्हाई, काय न्हाई. दुसऱ्या दिशी गाडी काढून पुन्याला गेलं, ते आलंच न्हाई. घरात औषध असलं म्हंजी ऱ्हातील की दोन दिस."

माझा आवाज खाली आला. "तात्या, लेकरांची साधी सर्दी या गोळीविना बरी होते. डॉक्टरांना न विचारता दिलीत, तर तिला अपायच व्हायचा."

"आईच्यान?"

"आईच्यान."

त्यांनी तांब्या उचलला, गोळी गिळली आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"लाव त्याला. म्हनावं, पोरीची सर्दी हितंबी बरी व्हते."