आधी चिडू दे

परुळेकर डॉक्टर कोणालाही खऱ्या नावानं हाक मारत नाहीत. माझं नाव सुनंदा; पण जव्हारच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले, त्या दिवसापासून त्यांनी मला मंदाकिनी करून टाकलंय. सुरुवातीला मी फणकाऱ्यानं दुरुस्ती करायचे. ते खूश व्हायचे. "चिडलात ना? म्हणजे डोकं शाबूत आहे," म्हणायचे.

ही त्यांची परीक्षा. एखाद्या मुलाच्या मेंदूवर दाब वाढला, की ते डोळ्यांत बॅटरी मारून बघतात, नाडी बघतात, मोठ्या डॉक्टरांना फोन लावतात, सगळं शास्त्राप्रमाणे. पण मूल बरं होणार का, असं विचारलं की एकच उत्तर: "आधी चिडू दे." रडण्यावर त्यांचा विश्वास नाही. रडतं कोणीही, चिडायला मेंदू लागतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शुद्धीवर येऊ घातलेल्या मुलाचं ते पांघरूण ओढतात, बेसूर गातात आणि कानाशी हटकून चुकीचं नाव घेतात. जामसरच्या एका पोरानं त्यांच्या हाताचा कडकडून चावा घेतला, तेव्हा त्यांनी वॉर्डात पेढे वाटले.

गेल्या भातकापणीच्या सुमारास सूर्यमाळची बुधी आली. बुधवारी जन्मलेली, म्हणून बुधी. डोक्यात पाणी साचून दाब वाढलेला. नाशिकला ऑपरेशन करून ते काढलं आणि पुढच्या औषधांसाठी तिला आमच्याकडे पाठवलं. डोळे मिटलेलेच. बाप उभं भात टाकून आलेला. रोज विचारायचा, "डॉक्टर, पोर उठंल ना?"

"आधी चिडू दे," म्हणत डॉक्टर तिच्या कानाशी वाकायचे. "ए सोमी! ऊठ गं, सोमी."

आई हे कान देऊन ऐकायची.

एका सकाळी बुधीनं डोळे उघडले. डॉक्टर हातातला चहा तसाच घेऊन धावले.

"नाव काय तुझं?"

"सोमी."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मंदाकिनी, पोरीला स्वतःचं नाव आठवत नाही. नाशिकला फोन लावा."

"आठवत नाय कसं?" आई मधेच म्हणाली. "तुमीच ठेवलं ना? आमच्यात पोर लय आजारी झालं का नाव बदलतात. दुखणं मग जुन्या नावाला शोधत ऱ्हातं. तुमी सोमी म्हणलं, तवापासून आमीपन सोमीच म्हणतो."

डॉक्टर पोरीच्या खाटेवर टेकले आणि तिच्याकडे वळले. "मग आधीचं नाव काय होतं गं?"

"बुधी." पोरीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सारखं काय इचारता? झोपू द्या ना."

अख्खा वॉर्ड हसला. बाप हसता हसता रडू लागला. डॉक्टर मात्र दिसेनात. मी शोधत गेले, तर मागच्या पायरीवर बसून डोळे पुसत होते.

"प्रत्येक वेळी फार भीती वाटते हो," ते म्हणाले. "आणि कोणी चिडलं की बरं वाटतं. आमची ही दिवसभर चिडायची माझ्यावर. ती गेल्यापासून घरी चिडायला कोणी नाही."

मला भरून आलं. मग मी त्यांना चांगलंच झापलं. सकाळपासून पोटात काही नाही, शर्ट उसवलाय, स्वतःचं बीपी कधी तपासत नाही, या वयात असं वागतात का?

ते खाली मान घालून ऐकत होते. मी दम घ्यायला थांबले, तर हळूच म्हणाले, "अजून थोडं बोला."