दहा युरोंची वसुली

पैसे भरले की ते वसूल करायचे, हा पद्माकरचा बाणा. पुण्यात असताना अमर्याद थाळीला जायचं तर हा आदल्या रात्रीपासून उपाशी! नोकरीसाठी जर्मनीत एश्बॉर्नला आला म्हणून खोड थोडीच जाते?

तेव्हा जर्मनीत नियम होता: दर तिमाहीत डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलात की दहा युरो ठेवा; मग ते तीन महिने चिठ्ठी घेऊन कुठल्याही स्पेशालिस्टकडे जा, बाकीचं विमा बघतो. पद्माकरने खोकल्यापायी दहा युरो ठेवले आणि खोकला दुसऱ्याच दिवशी पळाला. असा विश्वासघात!

"अहो, बरे झालात ना?" बायकोने, नीताने विचारलं.

"बरा झालो, पण पैसे फुकट गेले त्याचं काय? डोळे आणि ब्लडप्रेशर तपासून घेतो. एकतीस मार्चची वेळ मिळालीय. तिमाही संपायच्या आत!"

"त्याच दिवशी ऑफिसात ग्राहकांसमोर डेमो आहे ना? तो पडला तर नोकरी पक्की व्हायची नाही. पुण्याची तिकिटं काढावी लागतील!"

"जा, जा! तो दुपारी आहे."

सकाळी नऊला डॉक्टरांनी दंडाला यंत्र बांधलं. "उद्या नऊपर्यंत काढायचं नाही. मधूनमधून पट्टा फुगेल. फुगला की हलायचं नाही, बोलायचं नाही." मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले. बाहुल्या परातीएवढ्या झाल्या!

डेमोत हातातल्या कागदावर नुसत्या मुंग्या! पद्माकरने कागद ठेवला आणि आठवेल तसं बोलू लागला. तेवढ्यात घर्र्र! तो वाक्याच्या मध्यावर गोठला. समोरच्या ग्राहकांनी आदराने पेनं खाली ठेवली.

"चार महिन्यांत काम होईल?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने विचारलं.

घर्र्र! पद्माकर छताकडे बघत राहिला.

"बरं, सहा घ्या!"

बॉस फ्राऊ लांग खूश. "गेनाऊ! अगदी अस्संच! बाकीचे कागद वाचतात, तुम्ही विचार करता. तुमची नोकरी पक्की!"

"बघितलंस, नीता? दहा युरोंत नोकरी!" रात्री पद्माकरची छाती पट्ट्यापेक्षा जास्त फुगली होती.

सकाळी नऊला तो यंत्र परत द्यायला आणि रिपोर्ट ऐकायला गेला. काउंटरवरच्या बाई गोड हसल्या. "आज एक एप्रिल. नवी तिमाही. दहा युरो!"

घर्र्र! पद्माकर गोठला. कालची युक्ती आजही लागू पडेल, या आशेने पट्ट्यातली हवा गेल्यावरही गोठूनच राहिला. बाईंचा पसरलेला हातही तसाच राहिला. जर्मन हात, तो काय थकतो!

"प्रकृती उत्तम," दहा मिनिटांनी डॉक्टर रिपोर्ट वाचत म्हणाले. "तुम्ही सांगितलेल्या त्या डेमोतसुद्धा प्रेशर हललं नाही! फक्त हे शेवटचं एक माप... आज नऊ वाजता तुमच्यावर काही मोठा प्रसंग ओढवला होता का?"