मीटर वाढता कामा नये

गाडी विकत घ्यायला अक्कल लागत नाही, ती न चालवायला लागते, असं दातांच्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. आणि एवढी अक्कल सबंध शहरात एकट्या आपल्याकडेच आहे, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

गाडी मात्र होती बघण्यासारखी. लालभडक, दोन दारांची, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायचं ठरवायचं आणि ऐनवेळी विचार बदलायचा. दोन वर्षांपूर्वी ती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी बायकोला शब्द दिला होता, "तुला शेजारी बसवून तळ्यापर्यंत नेणार. घाटातल्या रस्त्याने, काचा खाली करून." बायको एका शाळेची मुख्याध्यापिका होती. सगळं जग तिला बाई म्हणायचं आणि हळूहळू डॉक्टरही म्हणायला लागले होते. त्या एका शब्दावर बाईंनी नव्या स्वयंपाकघराचा बेत पुढे ढकलला. तेव्हापासून स्वयंपाकघर आणि तळं दोन्ही जिथल्या तिथेच होती.

कारण गाडी चालवली की मीटर वाढतो! मीटर वाढला की गाडी झिजते, झिजली की तिची किंमत जाते आणि एकदा गेलेली किंमत परत येत नाही, हे डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून समजावून सांगत. दर रविवारी सकाळी ते गॅरेजमध्ये जात, गाडीवरून मऊ फडकं फिरवत, इंजिन चालू करत, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकत आणि बंद करत. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून गाडी वीतभर पुढे ढकलत, आणि मग मनाला रुखरुख नको म्हणून वीतभर मागे.

बाकी भाजी, बँक, दवाखाना, सगळीकडे दोघं जुन्या छोट्या गाडीतून जात. तिचं एक दार आतून उघडत नसे. ती गाडी बाई चालवत. डॉक्टरांचं म्हणणं असं की आपला हात स्पोर्ट्स कारचा आहे, तो असल्या गाडीवर बिघडवून घेण्यात अर्थ नाही. शेजारीण एकदा बाईंना म्हणाली, "तुमची सवतच आहे हो ती लाल गाडी." बाई म्हणाल्या, "छे. सवत असती तर निदान कधीतरी तिला घेऊन बाहेर तरी पडले असते."

याच डॉक्टरांनी नुकतंच एका आजीबाईंना दवाखान्यात फैलावर घेतलं होतं. आजींनी नवी कवळी झिजू नये म्हणून रुमालात बांधून कपाटात ठेवली होती आणि पातळ खाऊन दिवस काढत होत्या. "आजी, दात चावायला असतात, कपाटात ठेवायला नाही," डॉक्टर म्हणाले. रात्री जेवताना बायकोला हा किस्सा सांगताना त्यांना हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी जेवता जेवता गॅरेजच्या दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "येत्या रविवारी तुमच्या त्या क्लबवाल्यांचा मेळावा आहे ना तळ्यावर? आपण जातोय. त्या गाडीतून."

स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब होता. डॉक्टर त्याचे सभासद होते, पण ते फोनवरून. त्यांना तिथे अजून कोणी पाहिलेलं नव्हतं.

"तळं लांब आहे गं," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच गाडीतून जायचं."

"आणि रस्त्यावर खडी असते. धूळ असते. माणसं असतात."

"मी दोन वर्षं वाट बघितली," बाई म्हणाल्या. "या रविवारी त्या गाडीत मी बसणार. तुम्ही नाही आलात तर मी माझी जाईन, आणि पुन्हा तुमच्या कुठल्याही शब्दावर विश्वास ठेवणार नाही." आवाज अजिबात चढलेला नव्हता. म्हणूनच डॉक्टर धास्तावले. बाई ओरडल्या की काही होत नाही, हळू बोलल्या की शाळेत एखाद्याचं नाव कमी झालेलं असतं.

पुढचे दिवस डॉक्टरांचा जीव टांगणीला लागला होता. एकीकडे बायको, दुसरीकडे मीटर, आणि दोघींपैकी एकीला, म्हणजे एकाला, तरी दुखवणं भाग होतं. शेवटी एका रुग्णाची दाढ उपटता उपटता त्यांना कल्पना सुचली. ती इतकी झकास होती की आनंदाच्या भरात ते शेजारची चांगली दाढही उपटणार होते, पण नर्सने वेळीच हात धरला.

रविवारी सकाळी बाई ठेवणीतले कपडे घालून, डोक्याला रुमाल आणि डोळ्यांवर गॉगल लावून बाहेर आल्या. फाटकासमोर बंद पडलेल्या गाड्या वाहून नेणारा सपाट पाठीचा ट्रक उभा होता. त्यावर लाल गाडी चढवलेली होती आणि टोइंगवाला तिची चाकं पट्ट्यांनी आवळून बांधत होता.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"तूच म्हणालीस ना, त्या गाडीतून जायचं? मग त्या गाडीतूनच चाललोय," डॉक्टर म्हणाले. "गाडी ट्रकावर, आपण गाडीत. काचा खाली. रस्ता तोच, वारा तोच, तू माझ्या शेजारी, आणि मीटर जागच्या जागी. बोल आता!"

"आणि स्टिअरिंग?"

"ते मी धरतो की."

टोइंगवाल्याने लावलेल्या शिडीवरून बाई वर चढल्या आणि शांतपणे गाडीत बसल्या. तो शांतपणा म्हणजे काय, हे त्यांच्या शाळेतल्या पहिलीच्या मुलानेसुद्धा ओळखलं असतं. डॉक्टरांनी मात्र तो आनंद समजून पट्टा बांधला.

ट्रक निघाला. डॉक्टर खुशीत होते. वळण आलं की ते स्टिअरिंग फिरवत, उतार आला की ब्रेकवर पाय ठेवत, आणि ट्रक कुणाला मागे टाकू लागला की आरशात बघून त्याला मनातल्या मनात परवानगी देत. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघत होती. "बघतायत बघ," डॉक्टर म्हणाले. "लोकांना चांगली गाडी कळते."

"लोकांना बरंच काही कळतं," बाई म्हणाल्या.

पहिल्याच सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली. बसची खिडकी आणि गाडीची खिडकी अगदी समोरासमोर आली आणि त्या खिडकीत डॉक्टरांचा जुना रुग्ण बसला होता, एक निवृत्त कॅशियर. त्याचा चेहरा कळवळला.

"अरेरे, डॉक्टर. बंद पडली का हो?"

"छे, छे. उत्तम चालते."

"मग ट्रकावर कशी?"

"उत्तम चालते म्हणूनच चालवत नाही."

कॅशियरने एकदा डॉक्टरांकडे बघितलं आणि एकदा बाईंकडे. बाईंनी गॉगल थोडा खाली करून त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने मनाशी काय समजायचं ते समजून घेतलं. सिग्नल सुटला, बस गेली, आणि कॅशियरने दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांच्या गाडीचं काहीतरी बिनसलंय आणि डॉक्टर असंबद्ध बोलतायत, एवढंच तो म्हणाला. दवाखान्यातल्या मुलीने बाईंच्या भावाला फोन करून सांगितलं की डॉक्टरांना गाडीत कसलासा झटका आलाय. भाऊजी गाडीत अडकलेत, शुद्धीवर नाहीत आणि ताईला एकटीला ट्रकातून त्यांना हॉस्पिटलात न्यावं लागतंय, असा भावाने अर्थ लावला, आणि चहाचा थर्मास आणि एक जाडजूड दोर घेऊन तो स्कूटरवर निघाला. दोर कशासाठी, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

लोकांना विचारत विचारत त्याने घाट सुरू होण्याआधीच ट्रकाला गाठलं. वरती भाऊजी स्टिअरिंग फिरवताना दिसले. ट्रकावरच्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणारा माणूस शुद्धीवर आहे असं कोण म्हणेल? त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

त्या हॉर्नच्या गोंगाटाने चौकातला ट्रॅफिक पोलीस ताठ झाला. त्याने शिट्टी मारून ट्रक बाजूला घ्यायला लावला, पाठीवरच्या गाडीत डोकावून बघितलं, आणि आत दोन धडधाकट माणसं पट्टे बांधून बसलेली पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे कोण?" त्याने टोइंगवाल्याला विचारलं.

"साहेबांची हौस," टोइंगवाला म्हणाला. "मी सकाळीच नको म्हटलं होतं."

"वाहून नेताना गाडीत माणूस बसवायचा नाही. माणसं तरी उतरवा, नाहीतर गाडी तरी उतरवा."

टोइंगवाल्याने ट्रकाची पाठ तिरकी करून जमिनीला टेकवली, कारण शिडी फाटकापाशीच राहिली होती आणि वरून उड्या मारायचं या दोघांचं वय नव्हतं. डॉक्टर धुळीच्या भीतीने काचा वर करून उतरले, बाई उतरल्या. भाऊ थर्मास घेऊन धावत आला आणि भाऊजींची शुद्ध जागेवर आहे हे बघून थोडा हिरमुसला.

आता प्रश्न एवढाच होता की पुढे जायचं कसं. ट्रकाच्या केबिनमध्ये टोइंगवाल्याशेजारी एकाच माणसाची जागा होती. डॉक्टरांनी क्षणभरही विचार केला नाही.

"सोपं आहे," ते बाईंना म्हणाले. "तू भावाच्या स्कूटरवर मागे बस. मी ट्रकात बसतो. गाडीजवळ घरचं माणूस हवं."

भावाने थर्मासचं झाकण उगाचच घट्ट केलं. पोलिसाला दुसरीकडे कुठेतरी बघावंसं वाटलं. दोन वर्षं वाट बघून, ठेवणीतले कपडे घालून निघालेली बाई आपल्या नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलंय हे गॉगलमुळे त्याला दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी तो तेव्हा गाडीच्या मागच्या बंपरवर ओरखडा शोधत होता.

"किल्ली द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला?"

"माझी पर्स आत राहिलीय."

डॉक्टरांनी किल्ली दिली आणि ते पोलिसाला कमी चाललेल्या गाडीचं मोल समजावून सांगायला वळले. बाई टोइंगवाल्याला हळूच म्हणाल्या, "पट्टे सोडा." त्याने सोडले. असल्या आवाजात सांगितलेलं ऐकायचं असतं, हे शाळा सोडून कितीही वर्षं झाली तरी माणसाच्या अंगातून जात नाही.

इंजिन सुरू झालं. डॉक्टरांनी सवयीने डोळे मिटले. किती गोड आवाज! मग तो आवाज हलायला लागला. डोळे उघडून बघतात तो लाल गाडी उतारावरून मागे मागे येत, कुठेही न घासता, अलगद रस्त्यावर उतरली होती. आतून न उघडणाऱ्या दाराची खटारा गाडी इतकी वर्षं भर बाजारातून चालवणाऱ्या बाईला ते काय जड होतं? पोलिसाने तर दोन्ही बाजूंची रहदारी थांबवून तिला वाट करून दिली.

"अगं, मीटर!" डॉक्टर ओरडले.

बाईंनी काच खाली केली, डॉक्टरांना वाटलं काही बोलणार. पण ती वाऱ्यासाठी होती. लाल गाडी घाटाच्या वळणावर एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली.

डॉक्टर ट्रकाच्या केबिनमध्ये चढले. घाटभर ते टोइंगवाल्याला विनवत राहिले, "जरा जोरात घ्या हो," आणि तो त्यांना सांगत राहिला की हा ट्रक आहे. डॉक्टरांनी फोन लावून बघितला. बाई गाडी चालवताना फोन घेत नसत. प्रत्येक वळणावर डॉक्टरांना मीटरवरचा एकेक आकडा सरकताना दिसत होता आणि कुठल्याही वळणावर बाईंच्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तळ्यावर ट्रक पोचला तेव्हा मेळावा रंगात आला होता. पाच-पंचवीस गाड्या, सगळ्या धुळीने माखलेल्या, आणि त्यांच्या मधोमध लाल गाडी. तिच्या पुढच्या काचेवर किडे चिकटले होते, चाकांना चिखल लागला होता. भाऊ आधीच पोचून सगळ्यांना थर्मासमधला चहा वाटत होता. आणि बाई गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. रुमाल सुटलेला, केस विस्कटलेले, गाल लाल, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर त्या खळखळून हसत होत्या. हे हसू डॉक्टरांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं. तिच्याजवळ जावं, तिला काहीतरी चांगलं बोलावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

ते धावत गेले आणि खिडकीतून आत वाकून त्यांनी आधी मीटर बघितला.

वर बघितलं तेव्हा बाईंचं हसू थांबलेलं होतं.

क्लबचे अध्यक्ष पुढे झाले. "आपण?" त्यांनी विचारलं.

"मी या गाडीचा मालक."

"अच्छा, म्हणजे बाईंचे मिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "काय सुंदर हात आहे हो त्यांचा! घाटातून त्यांच्या मागे गाडी चालवली, डोळ्यांचं पारणं फिटलं. पुढच्या महिन्यात आम्ही समुद्रापर्यंत जातोय, चार दिवसांची फेरी आहे. बाई येतायत. सोबत कोण ते सांगितलंत तर बरं होईल."

"भाऊ येईल," बाई म्हणाल्या. भावाच्या हातातला चहा सांडला.

"आणि मी?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. "चल, आपण दोघं घरी जाऊ. मी चालवतो. खरंच चालवतो. तू शेजारी बस."

बाईंनी जवळ येऊन मायेने त्यांच्या कॉलरवरची धूळ झटकली.

"तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "पन्नाशी उलटून गेली, तरी कुठे एक ओरखडा नाही तुमच्यावर. या रस्त्यांवर फिरलात तर झिजाल. आणि एकदा गेलेली किंमत काही परत येत नाही."

भाऊ लाल गाडीत डॉक्टरांच्या वाट्याच्या सीटवर बसला. त्याची स्कूटर ट्रकावर चढवून पट्ट्यांनी बांधण्यात आली. टोइंगवाल्याने केबिनचं दार उघडून धरलं, डॉक्टरांच्या कोपराला आधार देत त्यांना वर बसवलं आणि त्यांचा पट्टा स्वतःच्या हाताने बांधला.

"आरामात बसा साहेब, सावकाश नेतो," तो म्हणाला. "बाई बजावून गेल्यात, घरी पोचेपर्यंत धक्का लागता कामा नये."